हेमाच्या शिशीतला हिरवा उजेड

नोकरीतल्या आठवणी लिहा, असं मला सांगणाऱ्यांना बहुतेक वाटलं असेल की मी रसायनशास्त्राबद्दल लिहीन. लिहीनही. पण खरं सांगायचं तर नोकरीतली माझी बरीचशी वर्षं एका बाईचा मत्सर करण्यात गेली आणि रसायनशास्त्र त्याच्या आजूबाजूला चालू राहिलं. तेव्हा आधी तिच्याविषयी सांगते.

तिचं नाव हेमा. मूळची अकोल्याची, वडील रेल्वेत, नवरा बँकेत. त्याची बदली उज्जैनला झाली तशी तीही आली आणि आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागली. माझ्याहून लहान, म्हणून पहिल्याच दिवशी तिने मला 'ताई' करून टाकलं. आमचं घराणं इथलं जुनं. पूर्वज दरबारात चिटणिशी करायला आले ते परत गेलेच नाहीत. त्यामुळे शहर आपलं, कॉलेज आपलं आणि लॅब तर आपलीच, अशा थाटात मी वावरत असे. हेमा आली, माझ्या शेजारच्या टेबलावर तिने डबा ठेवला, म्हणाली, "काय करून राहिले ताई?" आणि माझ्या खांद्यावरून डोकावून पाहायला लागली.

मी काय करत होते ते थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

पाण्यात विरघळलेला धातू डोळ्यांना दिसत नाही. ग्लासभर पाण्यात तांबं असो, ॲल्युमिनियम असो, पाणी पाण्यासारखंच दिसतं. मोठी यंत्रं ते शोधून काढतात, पण ती महाग, आणि उज्जैनसारख्या गावात सहसा नसतात. आमचं काम होतं असा एक रेणू बनवायचा, जो त्या धातूला आणि फक्त त्यालाच पकडेल आणि पकडताक्षणी उजळेल. अशा रेणूचे दोन भाग असतात. एक भाग दिव्याचा, तो अंधाऱ्या खोलीत यूव्ही दिव्याखाली चमकतो. दुसरा भाग पकडीचा. पकड रिकामी असते तोवर दिवा विझलेला. धातू पकडीत बसला की दिवा लागतो. ऐकायला सोपं आहे. कागदावर असा रेणू एका संध्याकाळी काढता येतो. मग तो बनवायचा, गाळायचा, शुद्ध करायचा, यात हिवाळा जातो. आणि शेवटी अंधाऱ्या खोलीत परीक्षानळीत थेंब टाकायचा. तेव्हा बहुतेक वेळा काहीच होत नाही. किंवा जस्त, कॅल्शियम, लोखंड, जे समोर येईल त्याला पाहून तो रेणू कुठल्याही घरात शिरणाऱ्या पाहुण्यासारखा उजळतो. किंवा असेल तो उजेडही विझतो, कारण तांबं आणि लोखंड आलं की दिवे विझण्याचीच शक्यता जास्त.

मला ॲल्युमिनियम पकडणारा रेणू हवा होता. कारण साधं होतं. पावसाळ्यात नदीचं पाणी गढूळ होतं आणि ते निवळायला तुरटी घालतात. तुरटीत ॲल्युमिनियम. तुरटी बरोबर पडली तर ते गाळाबरोबर खाली बसतं, बरोबर पडली नाही तर थोडं पाण्यात राहतं. धडधाकट माणसाला त्याने फारसं काही होत नाही, त्याची मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. पण किती राहिलं हे घरबसल्या कळावं, असं मला वाटे.

लॅबची कीर्ती अशी की आसपासचे लोक पाण्याच्या बाटल्या घेऊन यायचे. एकदा भैरवगढहून रशीदभाई आले. ठशांनी चादरी छापायचं त्यांचं घरचं काम. टेबलावर एक कापड पसरून म्हणाले, "मैडम, लाल पर मैल आ रहा है. ठप्पा वही, रंग वही, फिटकरी वही. फिर भी लाल खिल नहीं रहा."

मी विचारलं, "पानी वही?"

ते म्हणाले, "पानी तो नई बोरिंग का है."

तुरटीतलं ॲल्युमिनियम कापडावर आधी बसतं आणि लाल रंग त्याला धरतो, म्हणून तो लाल खुलतो. तिथे लोखंड घुसलं की तोच रंग काळपट होतो. मी शाळेत शिकवतात ती साधी टेस्ट केली, त्यांच्या बोरिंगच्या पाण्यात थेंब टाकला आणि ते रक्तासारखं लाल झालं. लोखंड भरपूर. जुन्या विहिरीचं पाणी वापरा, म्हटलं. काही आठवड्यांनी ते एक सुंदर चादर घेऊन आले. मी वर्गात होते. टेबलाशी हेमा होती. त्यांनी चादर हेमाच्या हातात दिली, तिने चहा पाजला, गप्पा मारल्या आणि त्यांना त्यांची सगळी हकीकत पुन्हा सांगायला लावली. मी आले तेव्हा ती म्हणाली, "ताई, हे तुमचं आहे. रशीदभाई इतके खूश होऊन गेले ना." चादर तिने लगेच माझ्याकडे दिली. तिने ठेवून घेतली असती तर मला बरं वाटलं असतं, निदान चिडायला काहीतरी मिळालं असतं. खूश झालेला माणूस मात्र तिच्या वाट्याला आला होता, आणि तो काही परत देता येत नव्हता.

हेमाचं हे नेहमीचं होतं. ती चांगली होती. तिला लोक आवडत आणि लोकांना ती. ती उशिरा यायची, लवकर जायची, मुलाच्या शाळेच्या मीटिंगसाठी प्रयोग अर्धा सोडायची, आणि तरी तिची मिश्रणं स्वच्छ, टोकदार स्फटिक होऊन तळाशी बसायची. माझी तेलकट गोळा होऊन राहायची. रसायनशास्त्रात हाताचा गुण असतो असं म्हणतात. तो माझ्या हाताला नव्हता, तिच्या हाताला होता, आणि तिला ते माहीतही नव्हतं.

मग एका हिवाळ्यात माझा रेणू उजळला. अंधाऱ्या खोलीत मी ॲल्युमिनियमच्या क्षाराचा थेंब टाकला आणि नळीत निळा उजेड भरला. जस्ताने काही होईना, कॅल्शियमने नाही. फक्त ॲल्युमिनियम. मी खोलीचं दार लावून घेतलं आणि पुन्हा पुन्हा थेंब टाकत राहिले. माझ्या आयुष्यात त्याहून आनंदाची दुपार कधी आली असेल असं मला वाटत नाही.

विभागात सेमिनार ठेवला. मी साडी इस्त्री करून आले होते. सगळं नीट सांगितलं, आलेख दाखवले. प्राचार्यही येऊन बसले होते. टाळ्या झाल्या. मग शेवटच्या बाकावरून हेमाने हात वर केला.

"ताई, बफर टाकून पाहिलंय का?"

बफर म्हणजे पाण्याची आंबटता एका जागी धरून ठेवणारं मिश्रण. मी म्हणाले, "मेथनॉलमध्ये केलंय. थोडं पाणी घालून. बफर नाही."

"नाही म्हणजे, ॲल्युमिनियमचा क्षार स्वतःच आंबट असतो ना. तुमच्या रेणूत अमाईन आहे. तो आम्लालाही उजळेल, असं मला वाटून राहिलं. मी चुकत असेन."

अमाईन म्हणजे रेणूतला आम्ल धरणारा भाग, आणि ती चुकत नव्हती. हे तिने कुत्सितपणे विचारलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तिला प्रश्न पडला आणि तिने विचारला. त्याच दिवशी मी लॅबमध्ये जाऊन नळीत बफर घातलं, मग ॲल्युमिनियम टाकलं. अंधार. दुसऱ्या नळीत ॲल्युमिनियम न टाकता लिंबाचा एक थेंब टाकला. निळा उजेड भरून आला. माझा रेणू ॲल्युमिनियम पकडतच नव्हता. तो आंबटपणा पकडत होता, आणि जस्ताचे क्षार तितके आंबट नसतात म्हणून गप्प बसत होता. तिने विचारलं नसतं तर मी तो पेपर छापायला पाठवला असता आणि जगातल्या कुणीतरी परक्या माणसाने तो खोडून काढला असता. तिने मला त्यातून वाचवलं. विभागातले सगळे मला तसं म्हणाले. त्यासाठी मला तिचा जितका राग आला तितका आयुष्यात दुसऱ्या कुठल्या उपकारासाठी आला नाही.

पुढे मी त्या रेणूवर आंबटता मोजण्याबद्दल एक छोटा लेख लिहिला. तो छापूनही आला. त्याबद्दल मला कुणी कधी काही विचारलं नाही.

आणि त्यानंतर हेमाने ॲल्युमिनियम पकडणारा रेणू बनवला. तोही चुकून. तिला जस्त पकडायचं होतं. जस्ताला तो ढिम्म हलला नाही. तिने सहज बाकीचे धातू टाकून पाहिले आणि ॲल्युमिनियमला तो असा हिरवागार पेटला की खोलीच्या भिंतीवर सावल्या पडल्या. बफरमध्ये. साध्या पाण्यात. मेथनॉलशिवाय. तिने मला हाक मारली. "ताई, या तर, लवकर या." मी गेले. पाहिलं. "छान आहे," म्हणाले.

तिचा पेपर मोठ्या जागी छापला गेला. परदेशातून पत्रं आली. आमच्या प्राचार्यांनी पाहुणा आला की त्याला अंधाऱ्या खोलीत नेऊन हेमाची शिशी दाखवायचा नेम धरला. शाळेची मुलं यायची. थेंब पडायचा आणि सगळी मुलं एकदम 'हाऽऽ' करायची. माझं टेबल त्या खोलीच्या दाराशी होतं. तो 'हाऽऽ' मी वर्षानुवर्षं ऐकला.

मी काय केलं असेल? मी तिचा रेणू स्वतः बनवला, तिच्याच कृतीने, आणि त्यात खोट शोधायला बसले. लोखंड घालून पाहिलं, फॉस्फेट घातलं, फ्लोराइड घातलं. आंबट पाणी, खारं पाणी, शिप्रेचं गढूळ पाणी. राम घाटावर पायऱ्यांशी फुलं तरंगत असतात तिथलं पाणीसुद्धा बाटलीत भरून आणलं. मला एक तरी जागा हवी होती जिथे तो रेणू खोटं बोलेल. सापडली नाही. फ्लोराइड जास्त झालं तर उजेड थोडा मंदावायचा, बस. किती कमी ॲल्युमिनियमला तो उजळतो ते मी इतक्या वेळा मोजलं की तो आकडा माझ्या कुंडलीत लिहिल्यासारखा मला पाठ झाला. त्या रेणूच्या इतक्या परीक्षा हेमानेही घेतल्या नव्हत्या. तिला त्यात काही खोट असेल अशी शंकाच नव्हती.

मग मी निवृत्त झाले. हेमा विभागप्रमुख झाली. निरोपसमारंभात तिने माझ्याबद्दल इतकं चांगलं भाषण केलं की मला ते पुरतं ऐकवलं नाही.

आता दादाचं सांगते. दादा माझा थोरला भाऊ, फौजदारी वकील. मी लग्न केलं नाही, दादा आणि वहिनींबरोबरच राहते. दादाचा आवाज उज्जैनच्या कोर्टात सगळ्यांना माहीत. कोर्टात तो हिंदीत बोलायचा, घरी मराठीत, आणि दोन्हीकडे थांबायचा नाही. मधुमेहाने त्याची मूत्रपिंडं गेली आणि आठवड्यातून काही दिवस त्याला डायलिसिसला जावं लागायचं. घराजवळ एक लहानसं खाजगी केंद्र होतं, तिथे जायचा. त्याचं नाव मी लिहीत नाही, आता ते बंद आहे.

डायलिसिस म्हणजे रक्त यंत्रातून फिरवून धुणं. त्या धुण्याला पाणी लागतं, आणि एका बैठकीत लागणारं पाणी माणूस महिनाभर पितो त्याहून जास्त. रक्त आणि पाणी यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो, म्हणून ते पाणी अतिशय शुद्ध असावं लागतं. पाण्यात काही असलं तर ते सरळ रक्तात जातं, आणि ते बाहेर टाकायला त्या माणसाकडे मूत्रपिंडं नसतात.

पावसाळा संपत आला तेव्हा दादा अडखळायला लागला. आधी एखाद्या शब्दाशी. 'प' आला की थांबायचा. "वहिनीला सांग, प... प... पाणी दे." आम्हाला वाटलं दमलाय. मग हात झटकन उडायचे, चहाचा कप सांडायचा. डॉक्टरांना वाटलं लकवा असेल. डोक्याचा स्कॅन झाला, काही निघालं नाही. "उमर है, शुगर है," असं सगळे म्हणाले. दादाने कोर्टात जाणं सोडलं. ज्युनियरचे फोन यायचे तेव्हा तो वहिनींना खुणेने सांगायचा, नाही म्हण.

एक दिवस मी त्याला डायलिसिसहून आणायला गेले. तो खुर्चीत बसून चपला घालत होता. शेजारच्या पलंगावर मिठाईचं दुकान असलेले गुप्ताजी होते. ते सिस्टरला म्हणाले, "ब... ब... बेटा, चादर उढ़ा दे." त्यांचेही हात झटकत होते. मी दादाकडे पाहिलं. दादाने माझ्याकडे पाहिलं. त्यालाही ऐकू गेलं होतं, पण त्याला त्याचा अर्थ माहीत नव्हता.

मला माहीत होता. कारण ॲल्युमिनियमबद्दल जगात जे जे छापलं गेलं होतं ते मी वाचलं होतं, निम्मं त्या रेणूच्या ध्यासाने आणि निम्मं हेमाच्या मत्सराने. डायलिसिसच्या पाण्यात ॲल्युमिनियम राहिलं तर रुग्ण आधी असेच अडखळतात, आणि डायलिसिस झाल्यावर लगेच जास्त अडखळतात. एकाच खोलीत दोन माणसांना एकच आजार, याचा अर्थ आजार खोलीत होता.

दादाची पुढची बैठक परवा होती. टाळता येत नव्हती, टाळली तर दुसऱ्या तऱ्हेने जीव जातो. इंदूरच्या मोठ्या लॅबमध्ये पाणी पाठवलं तर अहवालाला आठवडा लागला असता. माझा स्वतःचा निळा रेणू कपाटात होता. तो लिंबूपाण्याला उजळला असता. एवढ्या कमी ॲल्युमिनियमला पाण्यात उजळेल असं मला माहीत असलेलं एकच द्रव्य होतं.

फोन हातात घेऊन मी गच्चीत बराच वेळ उभी राहिले. वहिनी वाळत घातलेले कपडे काढत होत्या. "कुणाला करताय वन्सं?" म्हणाल्या. मी म्हणाले, "हेमाला." त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्या बादली उचलून खाली गेल्या.

मी हेमाला सगळं सांगितलं. तिने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी म्हणाली, "ताई, तुम्ही पाणी घेऊन या. प्लास्टिकच्या बाटलीत बरं का, काचेच्या नको."

"माहीत आहे," मी म्हणाले. काचेतूनही ॲल्युमिनियम सुटतं, हे मला तिने सांगायची गरज नव्हती.

केंद्रातला दिनेश नावाचा टेक्निशियन भला माणूस होता. शुद्ध पाण्याच्या नळाचं पाणी त्याने मला भरू दिलं. "साफ ही है मैडम, आर.ओ. का है," म्हणाला. घरच्या नळाचं पाणी दुसऱ्या बाटलीत घेतलं. ऑटोने कॉलेजात गेले. माझं जुनं टेबल आता एका नव्या मुलीचं होतं. हेमाने तिला उठवायचा प्रयत्न केला, मी नको म्हणाले.

अंधाऱ्या खोलीत हेमाने तीन नळ्या लावल्या. एकीत लॅबचं ऊर्ध्वपातित पाणी, एकीत घरच्या नळाचं, एकीत केंद्राचं. बफर मी घातलं, माझ्या हाताने, मोजून. हेमाने प्रत्येकीत तिचा थेंब टाकला आणि दिवा लावला.

पहिली नळी काळी राहिली. दुसरी हलकी हिरवी झाली, पावसाळ्याच्या शेवटी नळाच्या पाण्याला व्हावी तितकी. तिसरीही तितकीच हिरवी झाली. जे पाणी काळं राहायला हवं होतं ते नळाच्या पाण्यासारखंच चमकत होतं. म्हणजे आर.ओ. नावालाच होता. नळाचं पाणी तसंच दादाच्या रक्ताशेजारून जात होतं.

लाज वाटते, पण लिहिते. माझ्या मनात सगळ्यात आधी आलं ते असं, की किती देखणा उजेड आहे हा, आणि हा माझा नाही. मग दादा आठवला. हेमाने माझा हात धरला. तिचा हात ऊबदार होता. माझा मला बर्फासारखा लागत होता.

शिशी आणि हातातला यूव्ही दिवा घेऊन आम्ही दोघी तिथून सरळ केंद्रात गेलो. मॅनेजरने शिशी उलटसुलट करून पाहिली. "मैडम, लाइट तो जुगनू में भी होती है," म्हणाला. "हमारे यहाँ मशीन का सर्टिफिकेट है."

मी त्याला मापं सांगायला लागले. किती ॲल्युमिनियमला हा रेणू किती उजळतो, लोखंड असेल तर काय, फ्लोराइड असेल तर काय. तो घड्याळाकडे पाहत होता. तेवढ्यात केंद्रावर येणारे किडनीचे डॉक्टर आले. तरुण, इंदूरचे. त्यांनी शिशीवरचं नाव वाचलं आणि हेमाकडे पाहिलं. "आप वही हैं? आपका पेपर हमने पढ़ा था." ते बसले. मग माझे सगळे आकडे त्यांनी ऐकले, पण हेमाकडे पाहत. दर वेळी मी बोलून झालं की ते तिला विचारायचे, "मैडम, ऐसा ही है?" आणि हेमा म्हणायची, "ताईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. उनसे पूछिए." ते पुन्हा तिलाच विचारायचे.

पण त्यांनी ऐकलं, हे महत्त्वाचं. सगळे रुग्ण दुसऱ्या दवाखान्यात हलवले गेले. दादाची परवाची बैठक तिथे झाली. आर.ओ.चा पडदा उघडून पाहिला तेव्हा तो फाटलेला होता. पडदा बदलावा लागू नये म्हणून कुणीतरी त्याला वळसा घालून पाणी नेणारी नळी जोडली होती. दिनेश रडला, तो म्हणाला त्याला माहीत नव्हतं, आणि मला तसंच वाटतं. इंदूरचा अहवाल आला. रुग्णांच्या रक्ताचीही तपासणी झाली. रक्तातून ॲल्युमिनियम ओढून काढणारं एक औषध असतं, ते सगळ्यांना सुरू झालं.

सगळे बरे झाले नाहीत. गुप्ताजी हिवाळ्यात गेले. त्यांचं हृदय आधीपासून अधू होतं, त्यामुळे कशाने गेले हे कुणी सांगू शकलं नाही. त्यांच्या मुलाने आम्हाला काही विचारलं नाही, आम्हीही बोललो नाही. पण आणखी महिनाभर आधी मी त्या खोलीत गेले असते तर, हा विचार मला अजून सोडत नाही. दादाला आणायला एरवी वहिनी जायच्या आणि मी घरी बसून पेपर वाचायचे.

वर्तमानपत्रात बातमी आली. हेमाचा फोटो, हातात शिशी. 'उज्जैन की वैज्ञानिक ने बचाई मरीज़ों की जान.' खाली एका ओळीत, शंका सबसे पहले एक सेवानिवृत्त सहकर्मी को हुई. हेमाने फोन करून सांगितलं की तिने त्या पत्रकाराला माझं नाव दोनदा सांगितलं होतं, स्पेलिंगसकट. माझा तिच्यावर विश्वास आहे. त्याने मला काही बरं वाटलं नाही.

दादा हळूहळू सुधारला. आधी हातांचे झटके थांबले. मग 'ब' सुटला, 'प' सगळ्यात शेवटी. होळी झाल्यावर एकदा तो स्वतः म्हणाला, "हेमाताईंना जेवायला बोलाव. मला त्यांचे आभार मानायचेत."

हेमा आणि तिचा नवरा आले. वहिनींनी दाल-बाफले केले होते, वरण आणि तुपात बुडवलेले कणकेचे गोळे. दादाच्या ताटात त्याचं मोजकं, अळणी. जेवण अर्ध्यात आलं तेव्हा दादाने पाण्याचा पेला बाजूला सरकवला आणि बोलायला सुरुवात केली. मी भाताचा घास हातात धरून थांबले, तो कुठे अडतो ते ऐकायला.

"हेमाताई," तो म्हणाला, "मी आयुष्यभर परक्या माणसांच्या वतीने बोललो. पहिल्यांदाच माझ्या स्वतःच्या बाजूने बोलायची पाळी आली आणि माझीच जीभ फितूर झाली. त्या वेळी तुम्ही उभ्या राहिलात. तुमच्या एका थेंबाने जी साक्ष दिली तशी साक्ष पन्नास प्रकरणांत मला मिळाली नाही. उलटतपासणीत न फुटलेला असा साक्षीदार मी पाहिला नाही."

'प' एकामागून एक जात होते. परक्या, पहिल्यांदा, पाळी, पन्नास, प्रकरणांत, पाहिला. तो एकाशीही थांबला नाही.

हेमा लाजली. "दादा, शंका ताईंना आली. मी तर नुसती शिशी दिली. आणि खरं सांगू का, त्या शिशीवर जेवढं काम ताईंनी केलंय..."

"शंका तर ती लहानपणापासून घेते," दादा हसून म्हणाला. "दुधात पाणी आहे म्हणून तिने आमच्या दूधवाल्याला रडवला होता." सगळे हसले. मग तो पुन्हा हेमाकडे वळला. त्याने तिच्या बुद्धीची तारीफ केली, तिच्या हाताची तारीफ केली, अकोल्याच्या मातीची तारीफ केली. हिंदीत गेला, परत मराठीत आला. जुन्या दिवसांसारखा, हात उंचावून, थांबायचं नाव न घेता. हेमाचा नवरा मान डोलावत होता. वहिनी डोळ्यांना पदर लावत होत्या.

माझ्याही डोळ्यांत पाणी होतं. त्यातलं भावाचा आवाज परत आला म्हणून किती आणि त्या आवाजात तो तिचं कौतुक करत होता म्हणून किती, हे मला वेगळं करता येईना. एवढी वर्षं मिश्रणं वेगळी करत आले, हे एक जमलं नाही.

"वन्सं, तुम्ही काहीच घेतलं नाही," वहिनी म्हणाल्या आणि तुपाची वाटी घेऊन माझ्याशी वाकल्या. मी ताट पुढे केलं. दादा अजून बोलतच होता.